आक्काच्या मापाची सीट

१२ जानेवारी २०१९, शनिवार

गाडी आज परत आली. पत्रा ठोकून सरळ, रंग मूळचाच फिकट निळा, समोरची काच नवी, आतला आरसा नवा. दीड महिना अंबाजोगाईला रशीदभाईंच्या गॅरेजात पडून होती. मीच चालवत आणली. पाय ब्रेकवर नको तितका पडत होता, मागचा टेम्पोवाला दोनदा खेकसला. खेकसू दे.

शेडमध्ये लावली तेव्हा आक्का ओसरीवर तूर निवडत होती. मान वर केली नाही. म्हणलं, "आक्का, गाडी आली." म्हणाली, "ऐकू आलं."

बत्तीस वर्षं एका घरात नांदलो आम्ही दोघी जावा. भाऊजी गेले, मग हे गेले, तिचा महादेव पुण्याला. घाटनांदूरच्या ह्या घरात आता दोघीच. भांडणं झाली तेव्हासुद्धा आक्का दोन शब्दांवर कधी थांबली नव्हती.

दिवाळीनंतरची ती संध्याकाळ. लातूरहून येताना उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळले. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. मी स्टिअरिंगवर, दोन बरगड्या मोडल्या. आक्का बाजूला होती, पुढं फेकली गेली ती मधल्या आरशावर. उजवा डोळा गेला. चालवत मी होते.

ट्रॉलीला दिवा नव्हता.

१५ जाने., मंगळवार

संक्रांत. तीळगूळ आणला, दूध सोसायटीत वाटला. दूध पुन्हा कमी. लोक जनावरं पाहुण्यांच्या गावी पाठवायला लागलेत, जिथं पाणी आहे तिथं. चारा छावणी होणार होणार म्हणतात. झाली की संकलन तिथंच जाऊन करावं लागेल. मी सचिव, म्हणजे मीच जाणार.

चेअरमनना सांगितलं की गाडीला पुढं दोन नव्या सीटा आणि पट्टे बसवणार. हसले. "बाई, बैल गेला अन् झोपा केला." म्हणलं, एक बैल गेला, एक अजून दावणीला आहे. त्यांना कळलं नाही. बरं झालं, आक्काच्या डोळ्यांना बैल म्हणले म्हणून मलाच नंतर कसंतरी झालं.

खरं कारण लातूरचे डोळ्यांचे डॉक्टर. एका डोळ्याला असं लागलं की कधीकधी दुसराही आतून सुजतो, म्हणाले. दर पंधरा दिवसांनी दाखवायचं. जरा धूसर दिसलं तर त्याच दिवशी यायचं, थांबायचं नाही. आक्का काळी-पिवळी जीपनं जाते. मागच्या खेपेला बारा माणसांत बसून गेली, फुफाटा खात. मी गाडीचं नाव काढलं की ती म्हशीला पाणी दाखवायला उठते.

तिला माझ्या गाडीत बसवायचं. ह्या वर्षी मला दुसरं काही नको.

२१ जाने., सोमवार

गाडी घेऊन रशीदभाईंकडे. हा माणूस ह्यांच्या वेळेपासूनचा. ह्यांनी ही पद्मिनी जुनीच घेतली होती, तेव्हापासून तिला रशीदभाईंशिवाय दुसरा हात नाही.

त्यांना वाटलं मी नुसते पट्टे मागतेय. आधी पुढची सीट दाखवली. सलग बाकडं, डोक्याला टेकायला काही नाही. "मॅडम, पट्टा माणसाला धरंल. पण ह्या सीटला कोण धरणार? धडक बसली की सीटच म्होरं येती." मागून नुसतं ढकललं तर रुळावर खडखड हलली. इतकी वर्षं ती अशीच हलत होती, आम्हाला तो गाडीचा आवाज वाटायचा.

सीट काढली. खालचं रबर उचललं. पत्रा गंजून चाळणी. रशीदभाईंनी पान्ह्याचं टोक लावलं तर आरपार गेलं. "मॅडम, हा पत्रा न्हाई, पापड हाय."

वास आला तेव्हा कळलं. दूध. हे दूध संघात सुपरवायझर असताना टेम्पो बंद पडला की गाडीतून कॅन नेत. मग तीच सवय मी चालवली. सांडलं की वरून पाणी मारायचं, पुसायचं, रबर परत टाकायचं. खाली ते आंबत राहिलं, पत्रा खात राहिलं. गाडी किती जपली म्हणून गावभर मिरवत होते मी.

आधी फर्श नवी करायची, मग सीटा, मग पट्टे. गाडी ठेवून जीपनं आले. चौदा माणसं. मागं एक शेळी पण होती.

२९ जाने., मंगळवार

लातूर, भंगार बाजार. रशीदभाई सोबत. आज आक्काचा डॉक्टर पण होता, ती मात्र सकाळच्या जीपनं एकटी पुढं गेली. म्हणाली, "तू तुहं काम कर." भेटलो आम्ही डॉक्टरांच्या जिन्यात, ती उतरत होती. डावा डोळा ठीक. तेवढं सांगितलं.

सीटा बघताना रशीदभाईंचा चेहरा पोरगी बघायला आल्यासारखा. एक जोडी मला पसंत पडली, कापड स्वच्छ, डोकं टेकायला उशी. त्यांनी पाठ दाबली, उलटी करून रूळ बघितले. "मागून ठोकलेल्या गाडीची हाय. पाठ वाकून सरळ केलीय. नको." दुसरी घेतली, कापड मळकं, पण गाडीचं इंजिन जळालं म्हणून मोडीत आलेली, धडक नाही. दोन रूळ जमिनीवर ठेवून, डोळा बारीक करून सरळ आहेत का ते बघितलं.

दुकानदार सीटांसोबत तिथलेच जुने पट्टे देत होता. रशीदभाई हात जोडून नको म्हणाले. मला वाटलं चांगले दिसतात, कशाला नवे. बाहेर आल्यावर सांगितलं, पट्टा एकदा जोरात ताणला गेला की आतून संपतो, वरून कळत नाही. कुठल्या गाडीचे, काय झालं होतं त्यांना, कुणाला माहीत. नवे घेतले.

घरी आक्का म्हणाली, "भंगारातून आणलं व्हय." बस.

६ फेब्रु., बुधवार

महादेवचा फोन. "काकू, आईला त्या डब्यात परत बसवायचं न्हाई. मी सांगतो." म्हणलं बरं. म्हणाला, "बरं न्हाई, शब्द द्या." मी म्हणलं, रेंज नाही. रेंज होती.

त्याला बोलायचा हक्क आहे. आई त्याची. तो कधी चढ्या आवाजात बोलत नाही, हेच मला सोसत नाही.

११ फेब्रु., सोमवार

गॅरेज. नवीन पत्रा वेल्ड करून झालाय, रंग मारायचा बाकी. खालून भोकं पाडून पट्ट्यांचे बोल्ट टाकलेत, त्यांच्याखाली रुपयाएवढ्या चकत्या, वायसर. मला एकदम भक्कम वाटलं. शब्बास म्हणलं.

रशीदभाई शब्बास ऐकून थांबले नाहीत. इंजिन उचलायची कप्पी काढली, साखळी पट्ट्याच्या बोल्टात अडकवली, दुसरं टोक गॅरेजच्या लोखंडी खांबाला. "माहंच काम हाय, मीच वढून बघतो." ओढायला लागले. आधी काही नाही. मग पत्रा फुगला, पुरीसारखा वर आला, आणि वायसर पत्र्यातून सुटून बोल्ट टणकन खांबावर. मी किंचाळले. ते खाली बसले, बोटानं ते भोक बघत राहिले बराच वेळ.

त्या बोल्टावर आक्का असती.

"पंचवीस वर्सं झाली हा धंदा करून. आन मी मॅडमला रुपयाएवढं वायसर लावून देत व्हतो." स्वतःवरच चिडलेले. चहा सांगितला, घेतला नाही. परत सगळं काढणार. खालून तळहाताएवढ्या जाड लोखंडी पट्ट्या, कडा गोल केलेल्या, म्हणजे ओढ एका जागी न येता पसरते.

मला राग यायला हवा होता. उलट ह्याच माणसाकडे आले म्हणून बरं वाटलं.

१४ फेब्रु., गुरुवार

त्या पट्ट्यांसाठी जाड पत्रा मिळत नव्हता. बंद पडलेल्या साखर कारखान्यातल्या एका जुन्या फिटरकडे तुकडे होते, त्यानं दिले. कारखाना चालू असताना ह्याला बोलायला सवड नसायची. आता उसाशिवाय बसून आहे, मला पाऊण तास थांबवून मुलीच्या लग्नापासून सगळं सांगितलं. बोलण्यात मीही काही कमी नाही. उशीर झाला.

संध्याकाळी आक्का: "बोलत बसली असशील." त्यात राग नव्हता. पण माझ्याकडं न बघता म्हणाली.

१९ फेब्रु., मंगळवार

पट्ट्या लागल्या. कप्पीनं ओढलं, मीही ओढलं, दोघांनी मिळून. गाडी पुढं सरकली, पत्रा नाही हलला. रशीदभाई पहिल्यांदा हसले.

आता गाडीच्या दारामागच्या खांबावर पट्ट्याची जागा. पट्टा खांद्याच्या मधून यायला पाहिजे. वर लावला तर बुटक्या बाईच्या गळ्याला कापतो, खूप खाली लावला तर खांद्याला खाली दाबतो. "आक्कांना एक डाव बसवा, माप घेतो." म्हणलं ती येणार नाही. "मग उंची सांगा." उभी उंची काय कामाची, बसल्यावरची पाहिजे.

घरी आले. आक्का म्हशीकडं गेलेली. ओसरीवर ती रोज एकाच जागी बसते, भिंतीला पाठ लावून, डोकं टेकून. तिथं भिंतीवर तेलाचा गोल डाग आहे, चुना दिला तरी सहा महिन्यांत परत येतो. टेप घेतला. जमिनीपासून डागापर्यंत मोजलं. मग माझी पाठ तिथं टेकवली, माझं डोकं डागाच्या चार बोटं वर. खांदा त्या हिशेबानं.

टेप हातात असतानाच आक्का आली. "काय मोजतीस?" म्हणलं, भिंत. "कावून? पडायला आली का?" मी हो म्हणाले. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, हे आज कळलं असं नाही.

२३ फेब्रु., शनिवार

सीटा बसल्या. माप बरोबर, उशीची कड डागाच्या उंचीला. ह्या सीटा ज्या गाडीच्या, तिच्यात पट्ट्याचं बक्कल सीटलाच असायचं. रशीदभाईंनी वेगळं काढून फर्शीच्या मधल्या उंचवट्यावर जाड पट्टी देऊन बसवलं. "सगळा भार सीटवर कशाला."

मी बसून पट्टा ओढला तर अडकला. परत ओढला, परत अडकला. म्हणलं गेलं नवं सामान वाया. ते मला उठवून डबी बघायला लागले, जिच्यात पट्टा गुंडाळतो ती. जरा तिरकी बसलेली. डबी उभी सरळ असेल तरच पट्टा सुटतो, तिरकी झाली की तिला वाटतं गाडी उलटली. पाचर लावून सरळ केली. मग सुळसुळ.

मी पट्टा लावला, काढला, लावला. खटक आवाज येतो. पाच-सहा वेळा केलं. गॅरेजातली सगळी बघत होती.

आक्काचे पाय खाली पोचणार नाहीत, ती ठेंगणी. सुतारानं पाट करून दिला, तो बोल्टनं फर्शीला. सुटा ठेवला तर धडकेत तोच लागतो, हे रशीदभाईंचं म्हणणं. एवढं सगळं डोक्यात ठेवणारा माणूस, आणि कप्पीची गोष्ट आठवून आजही स्वतःला शिव्या देतो.

२६ फेब्रु., मंगळवार

गाडी घरी. आक्काला हात धरून शेडमध्ये आणलं. आली. दार उघडून दाखवलं, सीट, उशी, पट्टा, पाट. मी बोलत सुटले, कप्पी, पत्रा, पट्ट्या. ती वाकून बघत होती, मान वळवून डाव्या डोळ्यानं.

"माही जागा कुठं गेली?"

मला समजेना. मग तिनं हात पसरून दाखवलं, एवढी. बाकडं. तिथं ती मांडी घालून बसायची. बत्तीस वर्षांत मी तिला कधी पाय खाली सोडून बसलेली बघितली नव्हती. मधे पिशवी, पानाची चंची, कधी एखादं नातेवाइकांचं लेकरू. नव्या सीटला दोन्हीकडून उंच कडा. मांडी बसत नाही. बसू नयेच, मांडी घातली तर पट्टा कमरेवरून पोटावर सरकतो, मग आतलं सगळं दाबतो. पाय खाली असलेच पाहिजेत. हे मी तिला समजावलं.

म्हणाली, "ह्ये खुर्ची हाय. मी काय चेअरमन हाय का?"

भिंतीवरच्या डागापर्यंत मोजलं, आणि ती बसते कशी हे ध्यानातच आलं नाही. तिच्या शेजारी बसून गाडी चालवत होते मी.

पण मला वाटतं मांडी हे कारण नाही. बोलताना तिचा हात दाराच्या कडेवर होता, तो आत गेला नाही.

४ मार्च, सोमवार

महाशिवरात्र. उपास. छावणी अखेर चालू झाली, गावाबाहेरच्या माळावर. आमची म्हैस तिथं. आक्का दिवसभर तिच्यापाशी. मी सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करायला. तिथं दोन बायकांनी विचारलं, तुमच्या मोठ्या बाई एका डोळ्यानं कशा काय धारा काढतात. म्हणलं, हातानं.

डॉक्टरची तारीख परवा होती, गेली. जीप आलीच नाही, सगळ्या गाड्या चारा आणायला लागलेल्या. मी म्हणलं चल, गाडी आहे. "म्हशीला कोण बघंल?" म्हशीला बघायला शंभर माणसं होती.

९ मार्च, शनिवार

आज बोलली. जसं झालं तसं लिहून ठेवते.

संध्याकाळचं दूध झालं होतं. कॅन टेम्पोत चढले. आक्का म्हशीपुढं गोणपाट टाकून बसलेली. मी म्हणलं, आक्का, गाडीला आता काही होत नाही. मी स्वतः ओढून बघितलंय. कशाची भीती वाटते, एकदा सांग.

"मी कुठं गाडीला भ्याले? बस हितं. तिकडं न्हाई, ह्या अंगाला बस."

तिच्या उजव्या बाजूला बसवलं. ती समोर बघत राहिली, म्हशीकडं.

"आता मी म्होरं बघायलेय. तू कुठं बघायलीस?"

"तुझ्याकडं."

"मला काय म्हाईत?"

मला वेळ लागला. गाडीत ती डावीकडं बसते, मी तिच्या उजवीकडं. गेलेला डोळा माझ्या बाजूचा.

मग म्हणाली, "त्या दिशी मला दोन डोळे व्हते. तू चेअरमनची नक्कल करत व्हतीस, माह्याकडं तोंड करून. मी हसत व्हते. ट्रॉली मला दिसली. तुला सांगायला तोंड उघडलं आन झालं." पुढं म्हणाली, "पोलिसाला मी सांगितलं दिवा नव्हता. नव्हताच. पर दिवा नसून बी मला दिसली ना, सुमे."

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, दूध नासेल म्हणून. उठून गेले.

११ मार्च, सोमवार

दोन दिवस लिहिलं नाही. मागची पानं चाळली. बारा जानेवारीला मी दोनदा लिहिलंय, दिवा नव्हता. खोटं नाही. तिला दिसली ती मलाही दिसली असती, एवढंच त्यात नाही.

बोलताना माणसाच्या तोंडाकडं बघायची मला सवय. हे म्हणायचे, सुमन, रस्ता तुझ्याशी बोलत नाही म्हणून त्याच्याकडं बघत नाहीस का. मी हसण्यावारी नेलं.

ती चार महिने हे पोटात ठेवून माझ्या हातचं जेवतेय. महादेवला तिनं सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तो शब्द मागत बसला नसता.

आणि मी पत्रा ओढून बघत होते.

१३ मार्च, बुधवार

सोसायटीच्या कामानं अंबाजोगाईला. रशीदभाईंना सगळं सांगितलं. का सांगितलं कळत नाही, पण कप्पीच्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर स्वतःची चूक बघितली होती, म्हणून असेल. ऐकून बराच वेळ हात पुसत राहिले.

मग म्हणाले, समोरच्या काचेच्या डावीकडच्या खांबावर छोटा आरसा लावू, असा की आक्कांना डाव्या डोळ्यानं तुमचं तोंड दिसंल. कल्पना हुशारीची. मी म्हणलं, "रशीदभाई, पुन्हा आरसा?"

त्यांनी कानाला हात लावले. "चुकलं मॅडम."

नंतर म्हणाले, "सीट, पट्टा, पत्रा, ह्याचा जबाब मी देतो. पुढचं माह्या हातात न्हाई." तेही जाणूनच आहे मी.

१५ मार्च, शुक्रवार

रात्री वरणात खडा लागला. आक्कानं निवडलेल्या डाळीत खडा, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी तो मुकाट्यानं ताटाच्या कडेला ठेवला. तिनं तो ठेवताना ऐकला.

"सकाळपून धूर धूर दिसायलंय," म्हणाली.

सकाळपासून. आणि दिवसभर म्हशीपाशी बसून होती. मी चिडले, ओरडले, मग तिच्या पायाशी बसून रडले. म्हणलं, आत्ता निघू. म्हणाली, आत्ता दवाखाना बंद असंल, उजाडू दे. डॉक्टरांना फोन लावला. सकाळी उघडल्याबरोबर घेऊन या, उशीर नको.

उद्या शनिवार. जीप मिळेल न मिळेल. मी गाडीचं नाव काढलं नाही.

१६ मार्च, शनिवार

दिवस उजाडायच्या आत ती आवरून तयार. पिशवी, चंची, डोक्यावरून पदर. जीपच्या थांब्याकडं जाईल वाटलं. शेडकडं गेली. डाव्या दारापाशी उभी राहिली.

"उघड."

बसली. पाय पाटावर टेकले, बरोबर टेकले. पट्टा मी लावून दिला, पदर आधी सारखा केला, कमरेवरून खाली घेतला, खांद्यावरून आडवा. गळ्याला लागत नव्हता. खटक वाजलं तेव्हा तिनं अंग आखडलं, मग सोडलं.

मी माझा लावला. गाडी चालू केली. ती म्हणाली, "थांब." आणि मान वळवली. सगळी, उजवीकडं, जितकी वळते तितकी, डावा डोळा माझ्या तोंडावर येईपर्यंत.

"चल आता."

लातूरपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. रस्ता सोडून कुठं बघितलं नाही. रेणापूरच्या अलीकडं पुढं ट्रॉली लागली, रिकामी, संथ. मी लांबूनच वेग कमी केला, मागं राहिले, समोरून मोकळं झालं तेव्हा पुढं काढली. गालावर तिची नजर कळत होती. ट्रॉलीकडं तिनं बघितलंच नाही.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. सूज आलीय, म्हणाले. इंजेक्शन दिलं, थेंब दिले, गोळ्या. मी विचारलं, वेळेत आलो का? आजच सांगता येत नाही. मंगळवारी परत आणा, मग दर दोन-तीन दिवसांनी. त्यांनी विचारलं, कसं दिसतंय? आक्का म्हणाली, "जवळचं दिसतंय."

येतानाही तशीच. मान वळवलेली. ऊन डोळ्यावर येत होतं, पदर पुढं ओढला पण मान फिरवली नाही. मी रस्त्याकडं बघतच विचारलं, मान अवघडली असेल, चहाला थांबू का. म्हणाली, "गप चालव."

शेडमध्ये गाडी बंद केली तेव्हाच तिच्याकडं बघितलं. डोळा लालबुंद, पाणी गळत होतं, औषधाचं असेल. तरी उघडाच होता. बक्कल तिला सापडेना, मी सोडवलं. मानेला हात लावून उतरली आणि म्हशीची चौकशी करायला निघून गेली.

जाता-येता तिनं एकदाही रस्ता बघितला नाही. तिला जेवढं दिसतंय तेवढं सगळं माझ्या तोंडावर घालवलं. मंगळवारचं मी अजून विचारलेलं नाही.